आईची चाळीशी सुटली त्याची पूर्ण हकीकत

आमच्या आईच्या डोळ्यांचं प्रकरण आहे हे, आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहायचं ठरवलंय, कारण आमच्या ओळखीत "वैद्यांकडे तर्पण केलं आणि चष्मा सुटला" (तर्पण म्हणजे डोळ्यांवर औषधी तूप भरून ठेवायचा आयुर्वेदिक उपचार) ही अर्धीच गोष्ट फिरतेय. ती खोटी नाहीये, चष्मा खरंच सुटला होता. पण पुढची अर्धी कुणी सांगत नाही.

आई सांगलीत असते, दादा-वहिनीसोबत. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं, आता रिटायर. हातात कायम काहीतरी काम, त्यातलं आवडीचं म्हणजे गोधडी शिवणं. जुनी लुगडी, दादाचे शर्ट, माझे कॉलेजचे ड्रेस सगळं तिच्या गोधड्यांत आहे. मी पुण्यात नोकरीला, महिन्या-दीड महिन्यानी एक फेरी. आठ वर्षं शुगर आहे तिला पण गोळ्यांवर, आणि पथ्य नीट पाळते.

२०२१ च्या दिवाळीनंतर तिची डोळ्यांची तक्रार सुरू झाली. खुपतंय, वाळू गेल्यासारखं वाटतं, संध्याकाळी आग होते, गोधडी घेऊन बसलं की अर्ध्या तासात पाणी यायला लागतं. डिसेंबरमधे चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून नवा चष्मा केला पण आग काही थांबली नाही. मग शेजारच्या काकूंनी एका वैद्यांचं नाव सांगितलं आणि २०२२ च्या फेब्रुवारीत दादा तिला घेऊन गेला.

वैद्यांबद्दल आधीच सांगते, माणूस चांगला. घाई नाही, पुड्यांचा ढीग नाही, "चष्मा घालवतो" असं एकदाही म्हणाले नाहीत. डोळे कोरडे पडलेत म्हणाले, नेत्रतर्पण करू, सात दिवस या. रात्री त्रिफळा चूर्ण तूप-मधातून, मधाचा डोस शुगर बघून अगदी थोडा. आणि घरी रोज पाच मिनिटं समईच्या ज्योतीकडे बघायचं, त्राटक.

तर्पणाला एक दिवस मी स्वतः सोबत होते. आईला उताणं झोपवलं, उडदाचं पीठ घट्ट मळून त्याची दोन बोटं उंचीची पाळी दोन्ही डोळ्यांभोवती लावली, विहिरीला कठडा असतो तशी. कडा बोटाने दाबून दाबून बंद केल्या, तूप कानात उतरायला नको म्हणून. औषधी तुपाची वाटी गरम पाण्यात ठेवून पातळ केलेली, थेट गॅसवर नाही. मिटलेल्या डोळ्यांवर पापण्यांचे केस बुडेपर्यंत ते कोमट तूप ओतलं आणि मग सांगितलं की आता हळूहळू डोळे उघडा, मिटा, उघडा. आईचे डोळे त्या पिवळ्या तुपाच्या तळाशी उघडझाप करताना मी पाहिलेत, ते दृश्य विसरणार नाही. नंतर पाळीला बाहेरच्या कोपऱ्यात भोक पाडून तूप काढून घेतलं, पुसलं, आणि तासभर उजेडात जायचं नाही.

चौथ्या दिवसापासून आग कमी झाली. सातव्या दिवशी आई म्हणाली, "अगं, डोळ्यात वाळू होती ना, ती गेली बघ." यात मला आजही शंका नाही. डोळा कोरडा पडतो तेव्हा अश्रूंचा थर लवकर फाटतो, त्याला स्निग्धपणा मिळाला, रोज अर्धा तास डोळे मिटून शांत पडणं झालं, गोधडीला आठवडाभर सुट्टी मिळाली. आराम पडला म्हणजे पडला. दर दोन महिन्यांनी ती परत जाऊन सात दिवसांचं तर्पण करून यायला लागली.

मधेच जूनमधे एक गडबड झाली, ती वैद्यांनी सांगितलेली नव्हती. कुणीतरी सांगितलं म्हणून आई घरीच त्रिफळ्याचं पाणी करून डोळे धुवायला लागली. हिरडा, बेहडा, आवळा रात्री भिजवायचं, सकाळी ओढणीच्या कपड्यातून गाळायचं, आणि आदल्या दिवशीचं उरलेलं पण वापरायचं. दहा-बारा दिवसांत डावा डोळा लालभडक, सकाळी पापण्या चिकटलेल्या. पाच दिवस अँटिबायोटिकचे ड्रॉप घालून बरा झाला. डोळ्यात जाणारी कुठलीही गोष्ट निर्जंतुकच हवी, घरी गाळलेलं पाणी तसं होत नाही, आणि बुबुळावर जखम झाली असती तर पांढरा डाग कायमचा राहिला असता. हे ड्रॉप देणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि वैद्य पण त्याच्यावरून रागावले तिला.

मग आला सप्टेंबर. गणपतीला मी घरी गेले तर आई चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवत होती. मी बघतच राहिले. सदुसष्टाव्या वर्षी, ट्यूबलाइटच्या उजेडात, पहिल्या फटक्यात दोरा आत. हरिपाठाचं छोटं पुस्तक चष्म्याशिवाय वाचत होती, तांदूळ निवडत होती, औषधाच्या पाकिटावरची एक्सपायरी डेट वाचून दाखवली तिने मला, जी मला मोबाइल झूम करून वाचावी लागते. चाळीशी सुटली! घरात आनंदीआनंद. दादाने वैद्यांकडे पेढे नेले. काकूंनी गल्लीत सांगितलं, महिन्याभरात आमच्या गल्लीतून पाच-सहा बायका तर्पणाला जायला लागल्या. मी सुद्धा पुण्यात ऑफिसमधे सगळ्यांना सांगितलं, हे इथे स्पष्ट लिहिते.

त्याच सुमारास आई अजून काही गोष्टी बोलत होती ज्या आम्ही ऐकल्या पण जोडल्या नाहीत. एक म्हणजे त्राटक करताना तिला समईच्या एका वातीच्या दोन ज्योती दिसायच्या, कधी तीन. ती म्हणायची एकाग्रता वाढतेय, आणि आम्हालाही ते खरंच वाटलं. दुसरं, रात्री रिक्षातून येताना समोरच्या गाडीच्या लाइटचा फार त्रास व्हायचा, पूर्ण फटकन पांढरं होतं म्हणायची. तिसरं, गोधडीत काळ्याच्या जागी गडद निळा तुकडा लावलेला, वहिनीने दाखवलं तर आई ऐकेना, काळाच आहे म्हणाली. आणि टीव्हीची खुर्ची पुढे पुढे सरकत चालली होती.

२०२३ च्या जानेवारीत मी रेल्वेने सांगलीला आले. आई आणि दादा स्टेशनवर आलेले. मी डब्यातून उतरून हात केला, आई माझ्याकडेच बघत होती, पण चेहऱ्यावर काही नाही. मी पंधरा पावलांवर आले तरी ती माझ्या मागे कुणालातरी शोधत होती. "आई" म्हटल्यावर दचकली. बारीक हरिपाठ वाचणारी बाई स्वतःच्या मुलीला ओळखत नाही, हे मला रात्रभर पचलं नाही.

त्या रात्री मी कपाटातला स्टीलचा डबा काढला, त्यात आई सगळी बिलं, रिपोर्ट, चिठ्ठ्या ठेवते, शिक्षकांची सवय. चष्म्याच्या दोन चिठ्ठ्या मिळाल्या, २०१९ च्या ऑगस्टमधली आणि २०२१ च्या डिसेंबरमधली. दुसऱ्या दिवशी हट्टाने तिला मिरजेला एका डोळ्यांच्या हॉस्पिटलमधे नेलं, तिथे तिसरी चिठ्ठी मिळाली. तिन्ही शेजारी शेजारी ठेवल्या आणि उजव्या डोळ्याचे आकडे वाचले.

२०१९ ला लांबचा नंबर काही नाही, शून्य, आणि जवळचा +२.५०. २०२१ ला लांबचा −०.७५, जवळचा +१.७५. २०२३ ला लांबचा −२.५०, जवळचा शून्य.

नीट बघा. जवळचा नंबर अडीचवरून शून्यावर आला, तो आम्ही सगळ्यांनी साजरा केला. पण लांबचा शून्यावरून वजा अडीचवर गेला तो कुणीच बघितला नाही. दोन्हीतला फरक तिन्ही वेळेला अडीचच. म्हणजे डोळ्याची जवळचं बघायची ताकद परत आलीच नव्हती, सगळ्या डोळ्याचीच स्पष्ट नजर लांबून जवळ सरकली होती. आणि पहिला पाऊण नंबर सरकला तो डिसेंबर २०२१ ला, तर्पणाचा पहिला थेंब डोळ्यात पडायच्या दोन महिने आधी.

डॉक्टर बाई तरुण होत्या पण समजावून सांगायची हातोटी होती. आधी विचारलं शुगर किती, कारण शुगर खूप वाढली की डोळ्यातल्या भिंगात पाणी धरून नंबर तात्पुरता वजाकडे सरकतो, आणि असा नंबर बघून चष्मा केला तर महिन्याभरात फुकट जातो. तीन महिन्यांची सरासरी शुगर ७.२ निघाली म्हणून तो संशय मागे पडला. डोळ्याचं प्रेशर बघितलं, नॉर्मल. मग बाहुली मोठी करायचे थेंब घालून मशीनवर हनुवटी टेकवून तपासलं आणि मला बाजूच्या स्क्रीनवर दाखवलं. डोळ्याच्या आत बाहुलीच्या मागे भिंग, ते काचेसारखं स्वच्छ असायला हवं, आईचं मधल्या गाभ्यात मधासारखं पिवळट तपकिरी झालेलं. मोतीबिंदू. आमच्या डोक्यात मोतीबिंदू म्हणजे बाहुलीत पांढरा मोती, तसं बाहेरून काहीच नव्हतं.

हा गाभ्याचा मोतीबिंदू. यात भिंगाचा मधला भाग घट्ट होत जातो, तो प्रकाशाला जास्त वळवतो, म्हणून डोळा मायनस नंबरचा होतो. वजा अडीच नंबरचा डोळा चष्म्याशिवाय स्पष्ट कुठे बघतो, तर बरोबर ४० सेंटीमीटरवर. म्हणजे हातात पुस्तक धरतो तिथे, सुईत दोरा ओवतो तिथे. डॉक्टर म्हणाल्या याला जुन्या लोकांनी दुसरी दृष्टी असं नावच दिलेलंय, पेशंट फार खुश असतात, वर्ष-दोन वर्षं टिकतं, मग मोतीबिंदू अजून दाटला की जवळचंही जातं. तिथे चार्टवर उजव्या डोळ्याने आईला फक्त सगळ्यात वरचं मोठं अक्षर दिसलं, ६/६०. म्हणजे चांगल्या डोळ्याला ६० मीटरवरून दिसतं ते हिला ६ मीटरवर यावं लागतं. मायनसची काच लावून ६/१८, त्याच्या पुढे नाही.

मी ज्योतींचं सांगितलं. डॉक्टरांनी एक डोळा झाकून पेनटॉर्च धरला. एका डोळ्यानेही आईला दोन दिवे दिसले. दोन्ही डोळे उघडे असताना दोन दिसणं वेगळं, एक डोळा झाकूनही दोन दिसले की गडबड त्या डोळ्यातच समजायची, आईच्या बाबतीत भिंगात, कारण गाभ्याचा भाग आणि कडेचा भाग प्रकाशाला वेगवेगळा वळवतात. आणि निळा-काळा घोळ त्याच पिवळ्या भिंगामुळे, पिवळ्या काचेतून निळा रंग कमी पोचतो.

आई गप्प होती. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "म्हणजे बरं झालं ते बरं नव्हतंच का गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला तिचा तो गणपतीतला चेहरा आठवत होता, दोरा ओवल्यावरचा.

मी त्याच आठवड्यात तिन्ही चिठ्ठ्या घेऊन वैद्यांकडे गेले, भांडायला नाही, पण मनात राग होता. त्यांनी चिठ्ठ्या दोनदा वाचल्या आणि सरळ म्हणाले, "चुकलं माझं. मी आग कमी झाली का एवढंच विचारत राहिलो, लांबचं तपासलं नाही." मग स्वतःच सुश्रुतसंहितेचं उत्तरतंत्र काढलं. तर्पण सांगितलंय अठराव्या अध्यायात, आणि त्याच्या आधीच्या सतराव्यात कफाच्या लिंगनाशावर, म्हणजे ज्याला आपण मोतीबिंदू म्हणतो त्यावर, थेट शस्त्रकर्म सांगितलंय. शलाका, म्हणजे बारीक सळई, आत घालून गढूळ झालेला भाग नजरेच्या वाटेतून बाजूला सारायचा. "आमच्याच ग्रंथात इथे औषध नाही, शस्त्र आहे," ते म्हणाले. माझा राग तिथे उतरला. जे लोक आयुर्वेदाच्या नावाने "मोतीबिंदू थेंबांनी विरघळवतो" म्हणून बाटल्या विकतात त्यांनी हे पान उघडून बघावं असं मला फार वाटतं. थेंबांनी मोतीबिंदू जात नाही, व्यायामाने जात नाही, तळहात डोळ्यांवर ठेवून जात नाही.

ऑपरेशनला आई घाबरत होती. वडिलांच्या आईचं ऑपरेशन जुन्या काळातलं, काळा चष्मा, आठवडाभर उशांच्या मधे डोकं न हलवता पडून, मग भिंगासारखा जाड चष्मा, ते तिच्या मनात बसलेलं. डॉक्टरांनी तिला एक गोष्ट सांगितली ती तिला इतकी आवडली की आता ती सगळ्यांना सांगते. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या पारदर्शक प्लास्टिक छताचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात घुसले, ते आत राहूनही डोळ्याने त्रागा केला नाही, हे रिडली नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी बघितलं आणि १९४९ ला लंडनमधे पहिल्यांदा त्याच पदार्थाचं भिंग बनवून माणसाच्या डोळ्यात बसवलं. आणि मदुराईच्या अरविंद हॉस्पिटलवाल्यांनी १९९२ पासून ही भिंगं आपल्याकडेच स्वस्तात बनवायला घेतली. "म्हणजे माझ्या डोळ्यात विमानाची काच," आई म्हणाली, आणि तयार झाली.

फेब्रुवारीत उजवा डोळा झाला. अडीच-तीन मिलीमीटरची चीर, आवाजाच्या लहरींनी भिंग फोडून ओढून घेतलं, घडी घातलेलं नवं भिंग आत सोडलं, वीस मिनिटांत बाहेर. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तर पहिलं वाक्य, "भिंती एवढ्या पांढऱ्या होत्या?" घरी आल्यावर तिने गोधडी मागवली. उजवा डोळा झाकून बघितली, डावा झाकून बघितली, असं चार-पाच वेळा. मग त्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाली, "निळाच आहे गं हा. सुनबाई बरोबर होती." तो माझ्या कॉलेजचा ड्रेस होता.

पण चौथ्या दिवशी ती रडली. कारण उजव्या डोळ्याने आता सांगलीचं आख्खं आकाश दिसत होतं पण हरिपाठ दिसत नव्हता. भिंग लांबच्या नजरेचं बसवलेलं, चाळीशी परत आली. "माझे चांगले डोळे होते ते तुम्ही बिघडवले" असं ती दादाला म्हणाली, आणि तिच्या बाजूने बघितलं तर चूक काय आहे त्यात? आम्हाला डॉक्टरांनी ऑपरेशनआधी सांगितलं होतं पण कन्सेंटच्या कागदांच्या गर्दीत, आणि आम्ही तिला नीट पोचवलं नाही. ही चूक आमची घरच्यांची.

म्हणून डाव्या डोळ्याच्या आधी मी तिला घेऊन डॉक्टरांसमोर बसले आणि विचारलं की हिचा दिवस वाचण्यात आणि गोधडीत जातो, काही करता येईल का. त्या म्हणाल्या येईल, डाव्याचं भिंग थोडं जवळचं निवडू, साधारण −१.५० राहील असं. मेंदू दोन्ही डोळे मिळून चालवून घेतो, पण सगळ्यांना जमत नाही. आधी तशी काच चष्म्यात घालून आईला तासभर हॉस्पिटलच्या आवारात फिरवलं, जिने चढवले-उतरवले, पेपर वाचायला दिला. तिला जमलं. एप्रिलमधे डावा झाला. आता उजव्याने लांबचं ६/६, आणि डाव्याने भाजी चिरणं, मोबाइलवरचे मेसेज, पेपरचे मोठे मथळे चष्म्याशिवाय. बारीक हरिपाठाला आणि सुईला हलका चष्मा लागतो, तो तिने गळ्यात दोरीला अडकवलाय. हे आधी विचारायचं असतं, भिंग एकदा बसलं की बसलं, म्हणून ज्यांच्या घरी कुणाचं ऑपरेशन ठरलंय त्यांनी डॉक्टरांना पेशंट दिवसभर काय करतो हे नक्की सांगा.

ऑपरेशननंतर डोळ्यांची जुनी आग मात्र परत आली, तसं बऱ्याच जणांना होतं म्हणे काही महिने. साधे ओलावा देणारे ड्रॉप, गरम फडक्याचा शेक, आणि गोधडी शिवताना मधे मधे पापण्या मिटणं, यावर निभावलं. दिवाळीनंतर आईने डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं तर्पण करू का, त्यांनी जखम तपासली आणि स्वच्छतेच्या अटी घालून हो म्हटलं. ती वैद्यांकडे पाच दिवस जाऊन आली. आराम पडला. वैद्य आता नव्या पेशंटला पाळी लावायच्या आधी भिंतीवरच्या चार्टसमोर उभं करतात, एकेक डोळा झाकून, आणि पन्नाशीच्या पुढचा असेल तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडून मशीनवर तपासून या म्हणतात.

गेल्या महिन्यात मी घरी होते तेव्हा शेजारच्या काकू आल्या. चहा पिता पिता म्हणाल्या, "माझी पण चाळीशी सुटत आली हो, आता बारीक अक्षरं चष्म्याशिवाय दिसतात." आईने कप खाली ठेवला, त्यांना खुर्चीतून उठवलं आणि समोरच्या भिंतीवरच्या कालनिर्णयकडे तोंड करून उभं केलं. शाळेत मुलांना उभं करायची तसं. "डावा डोळा झाका. आज कुठली तिथी आहे वाचा." काकूंनी डोळे बारीक केले, मान पुढे काढली, एक पाऊल पुढे गेल्या. आई म्हणाली, "जागेवरून." काकू गप्प झाल्या. मंगळवारी वहिनी दोघींना घेऊन मिरजेला गेली.